ओताऱ्याच्या घरातली खड्यांची डबी

आबांच्या ओतशाळेत पाण्याला बंदी होती. बंदी म्हणजे अशी तशी नाही. दारात आलेल्या माणसाच्या हातात नुसती बाटली दिसली तरी आतून आवाज यायचा, "बाहेर! ती बला बाहेर ठेवा आधी, मग आत या!" एकदा एका शाळेचे मुख्याध्यापक घंटेची चौकशी करायला ओली छत्री घेऊन आले. आबांनी त्यांना पाऊण तास पायरीवर उभं केलं आणि सगळं बोलणं खिडकीतून उरकलं. मुख्याध्यापक भले गृहस्थ. जाताना म्हणाले, माझ्या शाळेत पोरं मला इतकी घाबरत नाहीत.

आबा घंटा ओतायचे. शाळेच्या, बोटीवरच्या, कारखान्याच्या फाटकावरच्या, दुकानाच्या दारावरच्या, गुरांच्या गळ्यातल्या. त्यांचे आजोबा हेच करायचे, वडील हेच करायचे. तांबं आणि कथील मुशीत घालून वितळवायचं, रस झाला की कोरड्या ठणठणीत साच्यात ओतायचा, दुसऱ्या दिवशी साचा फोडून घंटा बाहेर काढायची, कानशीनं घासायची, लोलक टांगायचा आणि एक टोला द्यायचा. टोला मनासारखा वाजला तर घंटा गिऱ्हाइकाची, नाहीतर परत मुशीत.

पाण्याची बंदी आजोबांनी घातली आणि ती उगाच नव्हती. त्यांच्या थोरल्या भावानं घाईत ओली पळी रसात बुडवली होती. तापलेल्या धातूत पाण्याचा थेंब गेला की जागच्या जागी त्याची वाफ होते आणि रस उडतो. थोरल्या भावाचा एक डोळा गेला, छप्पराला भोक पडलं. त्या दिवशी आजोबांनी सांगून टाकलं, भट्टीच्या खोलीत पाणी आणायचं नाही.

इथवर सगळं शहाणपणाचं. पण घरातला नियम एकदा वाढायला लागला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. प्यायला बाहेर जावं लागायचं, आणि प्यालेल्या माणसाला घटकाभरानं परत बाहेर जावं लागतं, ते वेगळ्या कामाला. एकदा रस तयार आणि जोडीदार आडोशाला, असं झालं. तेव्हा आबांच्या वडिलांनी ठरवलं, ओतायच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचंच नाही. आबांच्या हातात भट्टी आली तोवर रोजचाच दिवस ओतायचा झाला होता. सकाळी एक कप चहा, की मग दुपार कलेपर्यंत तोंडात थेंब नाही. अंगातून घामाच्या धारा लागायच्या, सदरा वाळला की त्यावर मिठाचे पांढरे पट्टे दिसायचे. "ओतारी तहान गिळतो," वडील म्हणायचे, आणि आबा ते वाक्य अभिमानानं सांगायचे. त्यात अभिमान वाटण्यासारखं काय होतं ते देव जाणे.

आणि या घराण्याला मूतखडे होत. होत म्हणजे काय, पीकच यायचं. आजोबांना तीन, वडिलांना सात, आबांना स्वतःला चार, धाकट्या भावाला दोन. त्यातला एक तर त्याला ऐन लग्नाच्या दिवशी झाला. नवरदेव जमिनीवर गडाबडा लोळतोय आणि नवरीची आत्या ओरडतेय, "पोराच्या मनात नव्हतं तर आधी सांगायचं, आता कसली नाटकं!" खडा संध्याकाळी पडला, लग्न दुसऱ्या दिवशी झालं, आत्या मात्र पुढची वीस वर्षं त्याच्याशी धड बोलली नाही.

पडलेला प्रत्येक खडा आबांच्या घरी जपून ठेवलेला होता. पत्र्याची एक चपटी डबी, पूर्वी कधीतरी घड्याळाचे सुटे भाग जिच्यातून आले होते ती. तिच्यात कागदाच्या बारीक पुड्या, आणि प्रत्येक पुडीवर पेन्सिलीनं लिहिलेलं: बाबा, अमुक साल, उन्हाळा. पाहुणे येऊन टेकले की आबांचा हात डबीकडे जायचा. "हा बघा, हा आमच्या बाबांचा पाचवा. काटे बघा याला. असा खडा आजकाल होत नाही." आजी, म्हणजे आबांची बायको, कपाळावर हात मारायची. "अहो, लोकांच्या हातात खाण्याची बशी आहे! जरा तरी काळवेळ बघा!"

गल्लीत कुणाच्या पाठीत कळ आली की डॉक्टरच्या आधी आबांना बोलावणं यायचं. आबा उंबऱ्यात उभे राहूनच निकाल द्यायचे. "लोळतोय का? लोळत असेल तर खडा. गप्प पडला असेल तर दुसरं काहीतरी." त्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा, आणि त्यानंच घात केला. माणूस दहादा बरोबर निघाला की अकराव्यांदा विचार करायचा कंटाळा करतो.

त्यांना स्वतःला डॉक्टरांनी चार खड्यांच्या वेळी चारदा एकच गोष्ट सांगितली होती. पाणी प्या. आबा आठ दिवस तांब्यावर तांबे रिचवायचे आणि नवव्या दिवशी भट्टी पेटली की विसरायचे. "डॉक्टरांचं काय जातंय सांगायला? आणि रक्तातच आहे म्हटल्यावर पाणी पिऊन काय ते धुऊन निघणार आहे?" आजीचे उपाय वेगळे. तिनं टोमॅटो घरातून हद्दपार केला होता. अगदीच पाहुण्यारावळ्यांसाठी आणावा लागला तर बसून एकेक बी काढायची. दूध फक्त चहापुरतं. मिठाचं मात्र कुणी नाव काढायचं नाही, आबांना सगळं खारटच हवं असायचं.

आबांच्या मुलाला खडा एकोणिसाव्या वर्षी झाला. तीन दिवस हाल हाल झाले, आणि चौथ्या दिवशी उठून तो बापाला म्हणाला, "आबा, मला तुमचे खडेही नकोत आणि तुमची भट्टीही नको." त्यानं टपाल कचेरीत नोकरी धरली. पत्रांची वर्गवारी करायची, डोक्यावर पंखा, हाताशी दोन लिटरची बाटली. आबा त्याला "पाणक्या" म्हणायचे. मनातून मात्र ते त्या पोराच्या पाठीवर नजर ठेवून असायचे. तो जरा वाकून उठला तरी दोघं म्हातारा-म्हातारी एकदम विचारायची, "कळ आली का रे?" घराण्याचा पुढचा खडा त्याचाच, यात कुणाला शंका नव्हती.

मग त्याचं लग्न झालं आणि सूनबाई आली. ती शिंप्याच्या घरातली. बोलायला मोकळी, हाताला चलाख, आणि कान असा की विचारू नका. लग्नाला दोन महिने झाले असतील. आबांचा डबा घेऊन ती ओतशाळेच्या दाराशी आली, तेव्हा आबा एका नव्या घंटेला टोला देत होते. सूनबाई दारातूनच म्हणाली, "आबा, हिच्या पोटात दुखतंय."

"काय?"

"आवाज शेवटी फाटतोय. ऐका ना."

आबांना राग आला. पन्नास वर्षांच्या कानाला चार दिवसांची पोर शिकवणार! "डबा ठेव आणि घरी जा," ते म्हणाले. पण जेवण घशाखाली उतरेना. त्यांनी घंटेवर तेल फासलं, पुसलं, खडूची भुकटी चोळली. आत मुरलेलं तेल खडूवर उमटलं आणि कडेशी केसाएवढी चीर दिसली. संध्याकाळी घरी येऊन ते हातपाय न धुताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "सूनबाई, उद्यापासून डबा आजी आणेल. तू सकाळी माझ्याबरोबर चल."

चार वर्षांत ती पक्की ओतारीण झाली. साचा भाजायला शिकली, रसाचा रंग बघून तो तयार आहे की नाही ते सांगायला शिकली, आणि मुशीच्या दांड्याचं दुसरं टोक धरायला शिकली. मोठी मूस एकट्यानं उचलता येत नाही. दोन टोकांना दोन माणसं लागतात आणि दोघांची पावलं एक पडावी लागतात. आबांची पावलं आधी वडिलांबरोबर पडली, मग भावाबरोबर. भाऊ गेल्यावर आबांना वाटलं होतं, संपलं, आता गुरांच्या घुंगरांवर पोट भरायचं. सूनबाईनं त्यांना मोठ्या घंटा परत दिल्या. आबा तिला तोंडावर कधी चांगलं म्हणायचे नाहीत, "गाढवे, कानस सरळ धर" असंच चालायचं. पण ती माहेरी गेली की चार दिवस भट्टी पेटायची नाही, आणि हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

नियम तर तिनं असा उचलला की आबांनाही लाजवलं. सकाळचा चहासुद्धा अर्धाच घ्यायची. बाईमाणसाला आडोसाही धड नव्हता तिथं, मागच्या बोळात जावं लागायचं. त्यापेक्षा न प्यायलेलं बरं. "ओतारी तहान गिळतो ना आबा?" असं हसून म्हणायची, आणि आबा खूश व्हायचे. त्यावेळी कुणीतरी त्या म्हाताऱ्याचा कान पिळायला हवा होता.

त्या उन्हाळ्यात त्याच भल्या मुख्याध्यापकांनी तीस किलोची घंटा सांगितली. शाळा उघडायच्या आत हवी होती. साचा भाजून तयार झाला, दिवस ठरला. दोन दिवस आधी सूनबाई कानशीचं काम सोडून उठली आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली.

"आबा, पाठीत कळ येतेय. उजवीकडून खाली उतरते."

"परवा वाळूची पेटी एकटीनं ओढलीस ना? शीर आखडली असेल."

"शीर नाही वाटत. तुम्ही सांगता ना, तशीच आहे. खड्यासारखी."

आबा मनापासून हसले. "अगं वेडे, खडा व्हायला आमच्या घरात जन्म घ्यावा लागतो! असा सुनेला नाही मिळत तो. आणि खडा असता तर तू अशी उभी राहिली असतीस? लोळली असतीस."

ती लोळत नव्हती हे खरं. मागच्या बोळात जाऊन ओठ दाताखाली धरून येरझाऱ्या घालायची आणि सरळ चेहऱ्यानं परत यायची. हे आबांना कुठं माहीत? घरची सून, सासऱ्यासमोर कशी लोळेल? रात्री तिनं जेवण टाकलं. आजीनं गरम पाण्याची पिशवी दिली. नवरा म्हणाला, "चल, दवाखान्यात जाऊ." तीच म्हणाली, "ओतणं होऊ दे. आबा म्हणताहेत शीर आहे, तर शीर असेल. त्यांच्याइतकं कुणाला कळतं त्यातलं?"

ओतायच्या दिवशी भट्टी सकाळी सातला पेटली. दहा वाजता रस तयार झाला, वरची मळी आबांनी काढली, रंग बघितला. झकास. "धर," ते म्हणाले. सूनबाईनं दांड्याचं टोक धरलं आणि दांडा वाजायला लागला. आबांना आधी कळेना आवाज कसला. मग त्यांनी वर बघितलं. भट्टीच्या तोंडाशी, जिथं उभ्या माणसाच्या भुवया भाजतात, तिथं ती पोर थंडीनं कुडकुडत होती. दात दातावर आपटत होते. हाताच्या थरथरीनं दांडा मुशीच्या कडीवर टकटक करत होता.

"सोड," आबा म्हणाले.

"आबा, रस तयार आहे, दोन मिनिटांचं..."

"सोड म्हणतो ना!"

त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला, ते तव्यासारखं तापलं होतं. पन्नास वर्षांत या माणसानं तयार रस टाकून दिला नव्हता. बाप वारला त्या दिवशीसुद्धा ओतून मग घरी गेले होते. पण त्यांनी भट्टी बंद केली, मुशीकडे वळूनही बघितलं नाही, घंटा पोचवायच्या टेम्पोत सूनबाईला बसवलं आणि आजीला हाका मारत टेम्पो काढला. मागं रस मुशीत थिजला, मूस तडकली, साचा वाया गेला. चुलीत जाऊ दे म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयानं सूनबाईएवढ्याच. त्यांनी तपासलं, फोटो काढला, आणि आत पळापळ सुरू झाली. अर्ध्या तासानं त्या बाहेर आल्या. मुलगाही टपाल कचेरीतून धावत आला होता, काखेत बाटली तशीच.

"खडा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूत्रपिंडातून खाली उतरताना नळीत अडकलाय. मागं लघवी तुंबली, त्यात पू झालाय, विष रक्तात जातंय. आम्ही आतून नळी घालून वाट मोकळी करतोय. ताप दोन दिवसांत उतरला तर मूत्रपिंड वाचेल. नाही उतरला तर काढावं लागेल, आणि तेवढ्यावर निभावलं तरी नशीब. दोन दिवस कळ अंगावर का काढली?"

आजीनं पदराचा बोळा तोंडात धरला.

"घरात कुणाला मूतखडे आहेत?"

एवढ्या दुःखातही आबा सवयीनं बोलून गेले. "आहेत ना. आजोबांना तीन, बाबांना सात..."

"थांबा. तुमचे नाही विचारत. हिच्या माहेरी?"

"माहेरी कुणाला नाही."

"मग तुमच्या आजोबांच्या खड्यांचा हिच्याशी काय संबंध? ही दिवसभर काय करते? पाणी किती पिते?"

तेव्हा आबांनी सांगितलं. भट्टी, बंदी, सकाळचा अर्धा कप चहा, तहान गिळणं, सगळं. बोलताना आवाज बारीक बारीक होत गेला. आयुष्यभर मिरवलेली गोष्ट त्या बाकासमोर सांगताना त्यांना स्वतःलाच ऐकवेना.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आजोबा, रक्ताचं तुम्ही म्हणता ते खोटं नाही. बापाला, भावाला असला की मुलाला व्हायचा धोका दुपटीच्या आसपास जातो, आणि एकदा झाला की परत होण्याची भीती राहतेच. पण एका घरात माणसं नुसतं रक्त वाटून घेत नाहीत. एका ताटातलं मीठ खातात, एकाच भट्टीपुढं घाम गाळतात, एकसारखी तहान मारतात. त्यातलं किती रक्ताचं आणि किती सवयीचं, हे तुम्ही कधी बघितलंच नाही. आणि रक्तात आहे म्हणून पाणी सोडायचं होय? ज्याच्या रक्तात आहे त्यानं तर जास्त प्यायचं." मग त्यांची नजर मुलाच्या बाटलीवर गेली. "तुम्हाला झालाय कधी?"

"एकदा. अकरा वर्षांपूर्वी."

"त्यानंतर?"

मुलानं बापाकडे बघितलं. "त्यानंतर नाही."

अकरा वर्षं घरातली सगळी माणसं त्याच्या पाठीकडे बघत होती, हातातल्या बाटलीकडे कुणीच बघितलं नव्हतं.

आबा दोन दिवस त्या बाकावरून हलले नाहीत. आजी डबा आणायची, तो तसाच परत जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना त्यांची आई आठवली. बाबांच्या काळात भट्टीचा भाता आई ओढायची. दिवसभर, पदर डोक्याला गुंडाळून. आणि दर उन्हाळ्यात दोनतीनदा तिच्या पाठीत कळ यायची. ती भिंतीकडे तोंड करून पडायची, गुडघे पोटाशी घ्यायची, परत उठायची, परत पडायची. बाबा म्हणायचे, "वात भरलाय तिच्या पाठीत." आई दुसऱ्या घरातून आलेली. तिला खडा कसा असेल? पोरं हळद घातलेलं गरम तेल चोळायची आणि खेळायला पळायची. आबाही पळायचे. बाबांच्या कळा घरानं मोजल्या, नावं घालून डबीत ठेवल्या. आईच्या कळेला कुणी नावसुद्धा नीट दिलं नव्हतं.

त्या बाकावर बसून सहासष्ट वर्षांचा माणूस ढसाढसा रडला. शेजारच्या बाईला वाटलं सून गेली, तिनं बिचारीनं पाठीवर हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाचलं. थोडी इजा राहील, पण काम करेल. खडा नंतर काढू." आबा आत गेले. सूनबाई चिमणीएवढी झाली होती.

"आबा, घंटा झाली?"

"चुलीत गेली घंटा." ते खाटेच्या कडेला बसले. "सूनबाई, माझं चुकलं. तू सांगत होतीस आणि मी हसलो. तुला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?"

तिनं डोळे मिटले, डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं. "आता एक करा," ती म्हणाली. "तो पाण्याचा ग्लास द्या. दर तासाला प्यायला सांगितलंय, आणि तुमच्यासमोर मागायला लाज वाटतेय अजून."

ती घरी आल्यावर पहिला भडका आजीचा उडाला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर सगळं लिहून दिलं होतं. मीठ कमी करा, दूधदही नेमानं घ्या, लघवी पाण्यासारखी स्वच्छ होईल इतकं पाणी प्या, आणि आबांनाही तपासायला आणा. टोमॅटोबद्दल विचारलं तर त्या हसल्या होत्या. "बियांनी काही होत नाही, आजी." आजी दोन दिवस धुमसत होती. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी मान मोडून बिया काढल्या! आणि हा माणूस मिठाचा डबा मांडीवर घेऊन जेवला!"

आबांनी ओतशाळेचा नियम मोडला नाही. ते हट्टी होते, मूर्ख नव्हते. रस आणि पाणी आजही एका खोलीत नांदत नाहीत. त्यांनी दारापासून दहा पावलांवर पत्र्याची सावली केली, खाली मोठा माठ ठेवला, शेजारी खुंटीला कोरडा पंचा टांगला, म्हणजे आत जाताना हात आणि हनुवटी पुसून जायची. मागच्या बोळात दाराला कडी असलेला स्वच्छ आडोसा बांधला. ते सगळ्यात आधी सुचायला हवं होतं, असं स्वतःच म्हणाले.

पण माठ ठेवला म्हणून माणूस पितो थोडाच? भट्टीपुढं तास कसा जातो कळत नाही. तेव्हा त्यांनी तडकलेल्या मुशीतला तो थिजलेला गोळा फोडला आणि त्यातून एक छोटी घंटा ओतायची ठरवली. गोळा मोठ्या मुशीतच वितळवावा लागणार, आणि तिला जोडीदार नव्हता. एका सुट्टीच्या दिवशी मुलगा न बोलवता आला आणि दांड्याचं दुसरं टोक धरलं. पत्रं निवडणारा माणूस, पावलं सारखी चुकत होती. "पाणक्या, पाऊल बघ!" "बघतोय, आबा!" सूनबाई दाराबाहेर खुर्चीत बसून दोघांनाही शिव्या घालत होती. घंटा दुसऱ्या दिवशी निघाली. तिनं एक टोला ऐकला आणि म्हणाली, "निरोगी आहे." ती घंटा माठावर टांगली. दर तासाला आजीनं यायचं, टोला द्यायचा, आणि आतल्या सगळ्यांनी हातातलं ठेवून बाहेर यायचं.

सांगायला सोपं. सूनबाई परत कामाला लागली आणि मुख्याध्यापकांची तीस किलोची घंटा पुन्हा ओतायचा दिवस आला. रस अजून पंधरावीस मिनिटांत तयार झाला असता. आबा भट्टीशी उभे, डोळे रंगावर, आणि बाहेर टोला पडला. आबा हलले नाहीत. बापाचं वाक्य पन्नास वर्षं हाडात मुरलेलं. सूनबाई दाराकडे निघाली, दोन पावलं गेली आणि थांबली. आबा थांबले तर तीही थांबणार होती, ते आबांना कळलं. ते पुटपुटले, "बाबा, माफ करा." हातमोजे काढून कट्ट्यावर आपटले आणि तिच्या आधी बाहेर पडले. उभ्याउभ्या दोन ग्लास प्याले. पाच मिनिटं उशिरा रस ओतला. घंटा उत्तम निघाली, शाळेत अजून वाजते.

पुढं सूनबाईचा खडा काढला. अर्धा तपासायला गेला, अर्धा तिनं घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी डबीसकट ओतशाळेत आबांपुढं ठेवला. "डबीत जागा करा. आता मीही घराण्यातली."

आबांनी डबी उघडली. आजोबा, बाबा, भाऊ, ते स्वतः, मुलगा. त्यांनी कागद फाडला, पुडी केली, पेन्सिलीनं लिहिलं: सूनबाई. सालही घातलं. मग आणखी एक कागद फाडला, तशीच पुडी केली, आणि तिच्यावरही काही लिहून शेजारी ठेवली. सूनबाईनं ती उचलली. वर लिहिलं होतं: आई. तिनं उघडून बघितली.

"आबा, यात तर काहीच नाही."

"तिचा कुणी शोधलाच नाही गं," आबा म्हणाले. "आम्ही वात म्हणालो."

इतक्यात बाहेर टोला पडला. आबा उठेनात. दुसरा पडला, आणि पाठोपाठ आजीचा आवाज आला, "काय बहिरे झालात की काय? आधी पाणी प्या, मग बसा काय बसायचं ते!"

आबांनी डबी मिटली, बाहेर गेले, आणि पहिला ग्लास भरून आजीच्या हातात दिला. "तू पण पी," ते म्हणाले. "माझ्यासमोर पी."